माल कोणाच्या अंगावर पडतो? कॉमिकचं दुकान आणि टॅबलेट

प्रश्न असा आला आहे: "गेली तीन वर्षं मी कॉमिक्स फक्त टॅबलेटवर वाचतो. वर्गणी भरली की हजारो अंक समोर उघडतात. एक मित्र मात्र दर वेळी ऐकवतो, की तुझ्यासारख्यांमुळे कॉमिक्सची दुकानं बसली, आणि उद्या कंपनीच्या मनात आलं तर तुझ्याकडे एक पानही उरणार नाही. यात तथ्य किती? दुकानातून घेण्यात खरंच काही वेगळं आहे, की तो नुसता कागदाचा मोह?"

मित्राचं दुसरं म्हणणं बरोबर आहे. पहिलं अर्धवट आहे आणि त्यातला बराचसा भाग चुकीचा. मी अठरा वर्षं कॉमिक्सच्या दुकानात गल्ल्यामागे काढली आहेत आणि आज माझं स्वतःचं निम्म्याहून जास्त वाचन टॅबलेटवर होतं, त्यामुळे कोणत्याही एका बाजूचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. कागदाच्या वासाबद्दलही बोलणार नाही. जुन्या अंकांना वास येतो तो कागद कुजत असल्यामुळे, आणि त्यावर काव्य करणाऱ्या माणसाने कधी ओल आलेली पेटी उघडलेली नसते.

मुद्दा वेगळाच आहे. व्यवहार फसला तर नुकसान कोणी सोसायचं? दुकानात ते दुकानदार सोसतो. स्क्रीनवर ते तुम्ही सोसता, फक्त ते तुम्हाला कळायला काही वर्षं लागतात.

आधी दुकानाचं सांगतो, कारण हा धंदा कसा चालतो हे नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही माहीत नसतं. अमेरिकेत कॉमिक्स पूर्वी वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जायची. उरलेले अंक परत जायचे. खरं तर अख्खे अंक कोण परत पाठवणार, म्हणून मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून पाठवली की पैसे वळते व्हायचे. प्रकाशकाला किती विकलं हे महिनोन्महिने कळायचं नाही. १९७२-७३च्या सुमारास फिल स्यूलिंग या ब्रुकलिनमधल्या शिक्षकाने, जो न्यूयॉर्कची कॉमिक्स संमेलनंही भरवायचा, प्रकाशकांपुढे साधा सौदा ठेवला: मला जास्त सूट द्या, मी एकही अंक परत करणार नाही. यालाच पुढे डायरेक्ट मार्केट म्हणू लागले, आणि कॉमिक्सची खास दुकानं याच सौद्यावर उभी राहिली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. प्रकाशकाचं गिऱ्हाईक तुम्ही नाही, दुकानदार आहे. अंक वितरकाकडून दुकानात गेला की प्रकाशकाची विक्री झाली. तो पुढे कोणी घेतला की फळीवर पिवळा पडला, हा दुकानदाराचा प्रश्न. दहा मागवले, सहा गेले, तर चार अंगावर पडले. कित्येकदा त्या चारांत सहांचा सगळा नफा बुडतो.

शिवाय हा जुगार आंधळा असतो. मागणी नोंदवायची ती अंक येण्याच्या दोन महिने आधी, कॅटलॉगमधलं एक मुखपृष्ठ आणि चार ओळी वाचून. शेवटची दुरुस्ती करायची मुदत, ज्याला आम्ही एफओसी म्हणजे 'फायनल ऑर्डर कटऑफ' म्हणतो, अंक दुकानात पोचण्याच्या साधारण तीन-चार आठवडे आधी संपते. एखाद्या नव्या मालिकेचा पहिला अंक फळीवर लागतो तेव्हा दुसऱ्या अंकाचा आकडा जवळपास ठरलेला असतो आणि तिसऱ्याचा पहिला अंदाज देऊन झालेला असतो. पहिला अंक एकाही वाचकाने वाचलेला नसताना!

एक किस्सा सांगतो. एका छोट्या प्रकाशकाची नवी मालिका होती. मी भीत भीत चार अंक मागवले. तीन गेले, एक फळीवर राहिला, म्हणून पुढच्या अंकाचे तीनच मागवले. दीड महिन्याने कोणीतरी कुठेतरी तिची तारीफ केली आणि एका आठवड्यात अकरा जण विचारत आले. तोवर पहिला अंक वितरकाकडेही संपला होता. त्यातल्या नऊ जणांनी "संग्रह, म्हणजे सगळे अंक एकत्र असलेलं पुस्तक, आलं की घेऊ" म्हटलं. मालिका सहाव्या अंकात गुंडाळली. वाचक होते, पण वेळेवर नव्हते.

म्हणूनच दुकानात पुल लिस्ट नावाची गोष्ट असते. तुम्ही नाव आणि मालिका लिहून देता, दर आठवड्याला तुमचे अंक बाजूला काढून ठेवले जातात. बहुतेकांना ती गिऱ्हाइकाची सोय वाटते. खरं पाहिलं तर ती दुकानदाराच्या अंदाजाला मिळालेली काठी आहे. तुम्ही बुधवारी, म्हणजे नवे अंक येतात त्या दिवशी, येऊन फळीवरचं काहीतरी उचललंत तर माझा गल्ला भरतो आणि मी आभारी आहे, पण प्रकाशकाच्या हिशेबात तो अंक केव्हाच विकून झालेला असतो. कटऑफच्या आधी "ही नवी मालिका मला हवी" एवढं सांगितलंत, तर तुमचं ते एक वाक्य थेट छपाईच्या आकड्यात जातं. एखादी मालिका जगावी असं खरोखर वाटत असेल, तर हे समजून घेणं कागद-पडद्याच्या वादापेक्षा जास्त कामाचं आहे.

आता मित्राचा आरोप. दुकानांवर सगळ्यात मोठं संकट आलं तेव्हा टॅबलेट जन्मालाही आला नव्हता. १९९१मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांच्या आसपास प्रती दुकानांनी मागवल्या. तेवढे वाचक नव्हते. एकेक माणूस पाच-पाच प्रती घेऊन म्हातारपणीची पुंजी म्हणून ठेवत होता. नोव्हेंबर १९९२मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात बंद होऊन आला, तेव्हाही तेच. प्रत्येकाने जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? फुगा फुटला, माल दुकानांच्या अंगावर पडला आणि दुकानं धडाधड बंद झाली. १९९४च्या अखेरीस मार्व्हलने स्वतःचा वितरक विकत घेतला आणि इतरांना माल देणं थांबवलं. बाकीचे वितरक एकेक करून बुडाले, १९९६च्या डिसेंबरात मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला, मार्व्हलचा तो वितरकही बंद झाला आणि शेवटी डायमंड एकटी उरली. जवळपास पंचवीस वर्षं अख्खा धंदा त्या एका खुंटीला टांगलेला होता. एप्रिल २०२०मध्ये डायमंडने नवे अंक पाठवणं थांबवलं तेव्हा दुकानांच्या फळ्या रिकाम्या राहिल्या. जूनमध्ये सुपरमॅनची प्रकाशक डीसी तिच्याकडून बाहेर पडली, ऑक्टोबर २०२१पासून मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेली, आणि जानेवारी २०२५मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. यातल्या एकाही घटनेला तुमची वर्गणी जबाबदार नाही.

डीसीने सप्टेंबर २०११पासून सगळ्या मुख्य मालिका छापील अंकाच्याच दिवशी डिजिटलवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती हे कबूल करतो. पण बुधवारचे गिऱ्हाईक बुधवारी येतच राहिले. आमचा गेला तो जुन्या अंकांचा वाचक. पेट्या उपसून अंक चाळणारे, ज्यांना अंक जपायचा नव्हता, मागची गोष्ट फक्त वाचायची होती, ते दोन-तीन वर्षांत दिसेनासे झाले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट वाचायला तीस सुटे अंक जुळवत बसण्यापेक्षा वर्गणी हजार पटींनी शहाणपणाची.

आता तुमच्या बाजूचा धोका. २००७मध्ये सुरू झालेल्या कॉमिक्सॉलॉजीने डिजिटल कॉमिक वाचण्याची पद्धतच बसवली. एप्रिल २०१४मध्ये अ‍ॅमेझॉनने ती कंपनी घेतली. थोड्याच दिवसांत आयपॅडवरच्या अ‍ॅपमधून थेट खरेदी बंद झाली, का, तर अ‍ॅपलला हिस्सा द्यावा लागू नये. २०२२मध्ये तिचं ऑनलाइन दुकान किंडलच्या दुकानात मिसळलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं लावलेली कपाटं विस्कटली. डिसेंबर २०२३मध्ये अ‍ॅपच बंद झालं. फेब्रुवारी २०२५पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने हलवण्याची सोयही गेली. अंक कोणाचे गेले नाहीत हे खरं, पण या प्रत्येक पायरीवर वाचकाला कोणी विचारलं नाही. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स विकणाऱ्या जेमांगाच्या वाचकांचं नशीब तेवढंही नव्हतं: ती सेवा मे २०१३मध्ये बंद झाली आणि पैसे देऊन घेतलेली मांगा तिच्याबरोबर गेली.

छापील अंक तुम्ही विकू शकता, भाच्याला देऊ शकता, रद्दीत घालू शकता. कुलूप लावलेल्या फाइलचं यातलं काहीच करता येत नाही, कारण ती तुमची नसते, तुम्हाला वाचायचा परवाना मिळालेला असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून तसा कायदाच आहे: हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल मालावर 'विकत घ्या' असं लिहिता येत नाही. कायदा करावा लागला यातच काय ते आलं.

म्हणून माझं मत जरा टोकाचं आहे. डिजिटल वर्गणीला माझी हरकत नाही, कारण तो सरळ भाड्याचा व्यवहार आहे, तिथे कोणी मालकीचा आव आणत नाही. मार्व्हल अनलिमिटेडवर अंक साधारण तीन महिन्यांनी येतो. डीसीच्या महागड्या वर्गणीत महिन्याभराने. तेवढा धीर असेल तर उत्तम. पण छापील अंकाच्याच भावाने कुलूपबंद फाइल घेणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. तिथे पैसे मालकाचे भरायचे आणि हक्क भाडेकरूचा मिळवायचा. अपवाद एकच: कुलूप नसलेली फाइल. इमेज या प्रकाशकाने २०१३मध्ये स्वतःच्या साइटवर अशा फाइली विकल्या होत्या, आणि आजही कितीतरी स्वतंत्र चित्रकार स्वतः पीडीएफ किंवा सीबीझेड विकतात. सीबीझेड म्हणजे दुसरं काही नाही, पानांची चित्रं ओळीने भरलेली झिप फाइल. ती दोन ठिकाणी जपून ठेवली की ती तुमची, आणि पैसेही थेट चित्रकाराकडे जातात.

आता वाचनाचं. इथे 'कागद बरा की पडदा' असं सरसकट उत्तरच नाही, कारण पान कशासाठी रचलं होतं यावर ते ठरतं. अमेरिकी अंकाचं पान उंचीला सव्वादहा इंच असतं. दहा-अकरा इंची टॅबलेट म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, त्यामुळे पान इंच-दोन इंच तरी आखडतंच. एका पानाला ते चालतं. जोडपान, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र, आलं की टॅबलेट आडवा करा, आणि चित्रकाराने महिनाभर घासलेलं दृश्य निम्म्याच्या जरा वरच्या आकारात बघा. अक्षरं मुंग्यांसारखी.

मग त्यावर उपाय म्हणून चौकट-चौकट दाखवायची सोय आली. फोनवर ती ठीक आहे. पण कॉमिकचं पान डोळा दोनदा वाचतो: एकदा सगळं मिळून, आणि मग एकेक चौकट. 'वॉचमेन'चा पाचवा अंक घ्या. त्याची रचनाच आरशासारखी आहे, पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं आणि मधलं जोडपान दोन्ही बाजूंनी एकमेकाला तोलतं. एकेक चौकट सरकवत वाचणाऱ्याला गोष्ट कळेल, पण अंक उघडा ठेवून पुढे-मागे चाळल्याशिवाय ही करामत दिसायची नाही. पान उलटण्याचंही तसंच. धक्का द्यायचा असेल तर चित्रकार तो डाव्या पानावर ठेवतो, म्हणजे उलटेपर्यंत दिसत नाही. उजव्या पानावर ठेवला तर आधीचं वाचता वाचताच नजर तिकडे पळते. पडद्यावर प्रत्येक पान उलटलेलंच असतं, त्यामुळे या हिशेबाला अर्थ उरत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. कोरियातल्या वेबटूनसारखी उभी सरकणारी कॉमिक्स फोनसाठीच जन्मली. दोन चौकटींमधली लांबच लांब रिकामी जागा म्हणजे तिथला वेळ: बोट जितकं सरकवाल तितका क्षण लांबतो. ती पुस्तकात छापताना चौकटी कापून पानावर दाटीवाटीने बसवतात आणि त्या जागेचा जीव जातो. अशा मालिकेचा छापील खंड आवडत्या वाचकाने आठवण म्हणून घ्यावा, वाचावी ती फोनवरच. जपानी मांगा मधे कुठेतरी बसते. काळी-पांढरी, छोट्या आकारात छापायची सवय असलेली, त्यामुळे लहान टॅबलेटवरही नीट दिसते. शुएइशा या जपानी प्रकाशकाच्या मांगा प्लस या अ‍ॅपवर २०१९पासून चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट मिळतात, तीही जपानबरोबरच. चोरून टाकलेल्या प्रती वाचायला मग सबब उरत नाही.

जुन्या अंकांच्या रंगांबद्दल एक सांगायचं राहिलं. ते रंग शाई पिणाऱ्या खडबडीत कागदासाठी निवडलेले होते. तेच पडद्यावर किंवा चकचकीत कागदावर आले की भडक दिसतात, चेहरा शेंदूर फासल्यासारखा. शिवाय डिजिटल प्रतीत जाहिराती आणि वाचकांची पत्रं बहुधा गाळलेली असतात. मला पत्रांची पानं गोष्टीइतकीच आवडतात. हा माझा दोष समजा.

आणि एक गोष्ट पडद्याच्या बाजूने, जिच्यापुढे वरचं सगळं फिकं पडतं. माझं एक सत्तरीतलं गिऱ्हाईक भिंग घेऊन अंक वाचायचं. एक दिवस मीच त्यांना टॅबलेटवर अक्षर मोठं करून दाखवलं, वर्गणी भरून दिली. दुकानाचं गिऱ्हाईक गेलं, पण आजोबा पुन्हा वाचायला लागले. त्यांना कागदाचं महत्त्व सांगत बसणं हा आडमुठेपणा ठरला असता.

गुंतवणूक म्हणून अंक घ्यायचे असतील तर घेऊ नका, एवढंच. विशेष मुखपृष्ठांच्या मागे लागण्याआधी त्यांचा हिशेब माहीत असू द्या. 'पंचविसात एक' असं मुखपृष्ठ दुकानदाराला मिळतं ते साधे पंचवीस अंक मागवल्यावर. त्या पंचविसांतले जे खपणार नाहीत त्यांची किंमत त्या एका मुखपृष्ठावर चढते. म्हणजे तुम्ही चित्राचे नाही, अंगावर पडलेल्या मालाचे पैसे भरता.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? वर्गणी चालू ठेवली असती. तीन वर्षांत जे वाचलं त्यातलं पुन्हा उघडावंसं वाटेल असं किती, हे प्रामाणिकपणे मोजलं असतं. माझ्या बाबतीत दहात एखादं निघतं. तेवढ्यांचे एकत्रित संग्रह दुकानातून मागवले असते. आणि ज्या दोन-तीन चालू मालिका बंद पडल्या तर खरंच वाईट वाटेल, त्या पुल लिस्टमध्ये घातल्या असत्या, संग्रहाची वाट न बघता, कारण सुटे अंक खपले नाहीत तर संग्रह येण्याआधीच मालिका संपते. दुकान लांब असेल तरी अडत नाही, बरीच दुकानं महिन्याचे अंक एकत्र करून टपालाने पाठवतात. दुकानात शिरल्यावर मात्र कोणी तुमची परीक्षा घेऊ लागलं, नव्या वाचकाला तुच्छ लेखू लागलं, तर उपकार म्हणून तिथे पैसे टाकू नका. अशी दुकानं आहेत, आणि ती टॅबलेट नसता तरी बसली असती. चांगलं दुकान ओळखायची माझी खूण अशी: तुम्हाला काय आवडलं हे विचारून झाल्यावर माणूस तुमच्या हातात असं काहीतरी ठेवतो, जे तुम्ही स्वतःहून कधीच उघडलं नसतं, आणि आठवड्याने विचारतो, की कसं वाटलं.

यादीत नाव घातलंत तर एक पथ्य पाळा. मालिका नकोशी झाली, पैशाची ओढाताण झाली, आवड बदलली, काहीही असो, तसं सांगा. फोनवर सांगितलंत तरी चालेल. त्याने कोणी रागावत नाही, पुढच्या कटऑफला एक आकडा कमी होतो, बस. आमच्याकडे गल्ल्याखाली एक खोल खण होता, नावं घालून नाहीशा झालेल्यांच्या अंकांचा. दर चार महिन्यांनी तो उपसायचो आणि अर्ध्या किमतीच्या पेटीत ओतायचो. स्क्रीनवर वाचणाऱ्या माणसाने माझं तेवढं नुकसान कधीच केलं नाही.